हिपॅटायटिस बी : रिपोर्ट हातात आल्यावर पडणारे प्रश्न

रक्तदानाला गेलेला तरुण, बाळंतपणाआधीच्या तपासण्या करून घेणारी बाई, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी भरती होणारे आजोबा. हिपॅटायटिस बी या विषाणूमुळे होणाऱ्या यकृताच्या आजाराचं निदान बहुतेकदा अशाच लोकांचं होतं, ज्यांना त्या दिवशी काहीही झालेलं नसतं. कागदावर 'एचबीएसएजी : रिअ‍ॅक्टिव्ह' (म्हणजे रक्तात या विषाणूच्या आवरणाचं प्रथिन सापडलं) एवढंच छापलेलं असतं आणि तिथून प्रश्नांची रांग लागते. ती ज्या क्रमाने लागते, साधारण त्याच क्रमाने ही उत्तरं दिली आहेत.

मला तर काहीच त्रास नाही. रिपोर्ट चुकला असेल का?

चुकू शकतो, म्हणून खात्रीसाठी फेरतपासणी करतातच. पण त्रास नाही म्हणजे रिपोर्ट चुकला, असं मात्र नाही. हा विषाणू यकृताच्या पेशीत शिरतो, तिथे स्वतःच्या प्रती काढतो आणि पेशीला फारसा धक्का न लावता त्या बाहेर सोडतो. पेशी जगते, आपलं कामही करत राहते. यकृताच्या आतल्या भागाला दुखणं कळत नाही. वरचं आवरण ताणलं गेलं, तरच उजव्या बरगडीखाली जड वाटतं. शिवाय यकृत भलतंच सोशिक. बराचसा भाग निकामी होईपर्यंत ते कुरकुर करत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे २५ कोटी ४० लाख लोकांच्या शरीरात हा विषाणू कायमच्या मुक्कामाला होता. त्यांतल्या जेमतेम १३ टक्के लोकांचं निदान झालेलं होतं. म्हणजे 'मला काहीच होत नाही' असं म्हणणारे तुम्ही एकटे नाही. उलट ज्यांना ते म्हणायचीही वेळ आलेली नाही, अशांचीच संख्या मोठी.

म्हणजे कावीळच ना ही?

इथे आपल्या भाषेनेच थोडा घोटाळा केला आहे. कुणी 'ब कावीळ' म्हणतं, कुणी 'पांढरी कावीळ'. खरं तर कावीळ हा रोग नाही, ती एक खूण आहे. रक्तातलं बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य वाढलं की डोळे पिवळे दिसतात. पित्तनलिकेत खडा अडकला तरी तेच होतं. दूषित पाण्यातून येणारी कावीळ असते हिपॅटायटिस ए आणि ई यांची. ती बहुधा काही आठवड्यांत उतरते आणि विषय संपतो. बीचा पाण्याशी काही संबंध नाही.

मोठ्या माणसाला बीची नव्याने लागण झाली, तर साधारण तिघांतल्या एकाला कावीळ दिसते, तीही लागणीनंतर एक ते सहा महिन्यांनी. बाळांमध्ये ती जवळजवळ कधीच दिसत नाही. त्यामुळे 'मला कधी कावीळ झालीच नव्हती' या वाक्यावरून काहीही सिद्ध होत नाही. याउलट 'कावीळ उतरली' म्हणजे विषाणू गेला, असंही नाही. ते रक्त तपासूनच कळतं, आणि नेमकी तीच तपासणी लोक टाळतात.

हा विषाणू पेशीत शिरून करतो तरी काय?

मिलिमीटरचे दहा लाख भाग करा आणि त्यातले ४२ घ्या, एवढा त्याचा व्यास. त्याच्या डीएनएमध्ये जेमतेम ३,२०० अक्षरं असतात. माणसाच्या जनुकसंचात ती सुमारे ३०० कोटी असतात, आणि या पानावरची अक्षरं मोजली तरी ३,२०० पेक्षा जास्त भरतील. एवढ्याशा मजकुरात त्याने चार जनुकं बसवली आहेत, तीही एकमेकांवर चढवून. मराठी व्याकरणात सभंग श्लेष असतो ना, अक्षरं तीच पण शब्द तोडायची जागा बदलली की दुसरा अर्थ निघतो, तसाच हा प्रकार. इतका काटकसरी विषाणू विरळा.

रक्तातून तो यकृताशी पोचतो. यकृताच्या पेशीवर पित्तक्षार आत ओढून घेणारं एनटीसीपी नावाचं प्रथिन असतं. विषाणू त्यालाच चिकटून आत जातो. हे दार २०१२ मध्ये सापडलं, आणि हा विषाणू यकृतालाच का धरतो याचा मोठा उलगडा तेव्हा झाला.

विषाणू येतो तेव्हा त्याचा डीएनए अर्धवट असतो. म्हणजे कडी असते, पण तिचा एक पदर अपुरा. पेशीच्या केंद्रकात गेल्यावर पेशीचीच यंत्रणा ती कडी पुरी करून देते. या बंद कडीला सीसीसी-डीएनए म्हणतात. साऱ्या दुखण्याची मूळ प्रत हीच. तिच्यावरून आरएनए निघतो आणि विषाणूचं स्वतःचं विकर त्या आरएनएवरून पुन्हा डीएनए बनवतं. ही उलटी नक्कल एचआयव्हीसुद्धा करतो. आजच्या गोळ्या नेमकी ही नक्कल अडवतात. मूळ प्रत मात्र केंद्रकात सुरक्षित राहते. औषध वर्षानुवर्षं का घ्यावं लागतं, याचं उत्तर या एका कडीत आहे.

आणखी एक गंमत, विषाणूच्या बाजूने. तो आपल्या बाहेरच्या आवरणाचं प्रथिन गरजेपेक्षा हजारो पटींनी जास्त बनवतो आणि त्याचे पोकळ गोळे रक्तात सोडून देतो. त्यांच्यात डीएनए नसतो, त्यामुळे ते कुणाला लागण करू शकत नाहीत. पण शरीराची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) त्या पोकळ गोळ्यांवरच खर्ची पडतात आणि खरा विषाणू गर्दीतून निसटतो. तुमच्या रिपोर्टवरचं एचबीएसएजी म्हणजे मुख्यतः हेच गोळे.

विषाणू पेशी मारत नाही, तर मग यकृत खराब कशाने होतं?

आपल्याच प्रतिकारशक्तीने. लागण झालेली पेशी ओळखून तिला मारणं हे पांढऱ्या पेशींचं काम. मोठ्या माणसात हा हल्ला सहसा जोरदार आणि नेमका होतो. काही आठवडे यकृताला सूज येते, डोळे पिवळे होतात, अन्न नकोसं होतं, आणि शेवटी विषाणू हटतो. हल्ला फारच अनावर झाला तर यकृत अचानक कोलमडतं. असं शंभरात एखाद्याचं किंवा त्याहूनही कमी जणांचं होतं, पण ज्याचं होतं त्याच्या जिवावर बेततं. झोपाळूपणा, असंबद्ध बोलणं, थांबत नसलेला रक्तस्राव यांतलं काही दिसलं तर तडक रुग्णालय गाठायचं.

खरी पंचाईत अर्धवट हल्ल्याची. प्रतिकारशक्ती थोड्या पेशी मारते, थांबते, पुन्हा मारते. यकृत नव्या पेशी तयार करतं, पण प्रत्येक वेळी थोडा व्रण मागे ठेवतं. वीस-तीस वर्षं हे चाललं की मऊ, लवचीक यकृत कडक आणि गाठाळ होतं. याला सिरोसिस म्हणतात. कडक यकृतातून रक्त नीट वाहत नाही, मग पोटात पाणी साठतं, अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटतात आणि रक्ताची उलटी होते. कित्येकांना आपल्याला हिपॅटायटिस बी आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा कळतं.

मला हा लागला कधी आणि कुठून?

बहुतेकदा ते सांगता येत नाही, आणि सांगायचा हट्ट धरून घरात भांडणं तेवढी होतात. एचबीएसएजीचा रिपोर्ट लागण कधीची ते दाखवत नाही. नवरा-बायकोपैकी एकाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की दुसऱ्याच्या मनात लगेच संशय येतो. पण जुनाट लागण असलेल्यांपैकी पुष्कळांना ती जन्माच्या वेळी आईकडून किंवा अगदी लहानपणी झालेली असते. पन्नाशीतल्या माणसाच्या रिपोर्टवरून त्याच्या गेल्या वर्षीच्या वागण्याचा निवाडा करू नये.

पसरण्याचे मार्ग मोजकेच आहेत : बाळंतपणात आईकडून बाळाला, असुरक्षित शरीरसंबंधातून, आणि रक्तातून. रक्तातून म्हणजे दुसऱ्याला वापरलेली सुई, न तपासलेलं रक्त, नीट निर्जंतुक न केलेली दातांची किंवा गोंदवण्याची हत्यारं, सामाईक वस्तरा. वस्तऱ्याच्या पात्यावरचा डोळ्यांना न दिसणारा वाळका डागही पुरतो, कारण हा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरतो. लस न घेतलेल्या परिचारिकेला रुग्णाची सुई टोचली आणि त्या रुग्णाच्या रक्तात विषाणूचा जोर असला, तर लागणीची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते. हिपॅटायटिस सीसाठी हाच आकडा २ टक्क्यांच्या आत आणि एचआयव्हीसाठी ०.३ टक्के आहे. लोक घाबरतात मात्र एचआयव्हीला.

घरातल्यांना लागेल का? भांडी वेगळी ठेवायची का?

रोजच्या वावरातून नाही. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने, एकच संडास वापरल्याने हा पसरत नाही. वेगळं ठेवायचं ते रेझर, टूथब्रश आणि नेलकटर. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून ज्यांना लागण नाही त्यांना लस द्यायची. भांडी वेगळी केल्याने फक्त माणूस एकटा पडतो.

डॉक्टर वयाबद्दल सारखं का विचारतात?

कारण लागण कोणत्या वयात झाली, यावर जवळजवळ सगळं ठरतं. जन्माच्या सुमारास लागण झाली तर सुमारे ९० टक्के बाळांमध्ये ती जुनाट होते. एक ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण २५ ते ५० टक्क्यांवर येतं आणि धडधाकट मोठ्या माणसांत ५ टक्क्यांच्या आत. विषाणू तोच. फरक प्रतिकारशक्तीच्या परिपक्वतेचा. बाळाच्या शरीराला आपलं कोण आणि परकं कोण हे अजून नीट उमगलेलं नसतं, त्यामुळे ते या पाहुण्याला घरचाच समजून बसतं. आईच्या रक्तातला 'ई अँटिजेन' (विषाणूचंच एक प्रथिन) वारेतून बाळापर्यंत पोचतो आणि या गैरसमजाला हातभार लावतो, असं मानलं जातं.

जुनाट म्हणजे एचबीएसएजी सहा महिन्यांनंतरही रक्तात असणं. पहिल्या रिपोर्टनंतर सहा महिन्यांनी पुन्हा बोलावतात ते यासाठी.

रिपोर्टमध्ये चार-पाच अँटिजेन-अँटिबॉडी लिहिल्या आहेत. वाचायचं कसं?

रिपोर्ट समोर ठेवा आणि एकेक ओळ घ्या.

एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर विषाणू आत्ता शरीरात आहे. जुने डॉक्टर याला 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' म्हणतात. त्या नावामागे गोष्ट आहे. १९६०च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञ बरूक ब्लुमबर्ग निरनिराळ्या जनसमूहांच्या रक्तातल्या प्रथिनांचे आनुवंशिक फरक शोधत होते, हिपॅटायटिस नव्हे. वारंवार रक्त घ्यावं लागलेल्या हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या विकाराच्या) एका रुग्णाचा सीरम ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तातल्या अनोळखी प्रथिनाशी जुळला. ते प्रथिन म्हणजे या विषाणूचं आवरण, हे पुढे कळलं. ब्लुमबर्ग यांना १९७६ चं नोबेल मिळालं, आणि त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, जागतिक हिपॅटायटिस दिन झाला.

अँटी-एचबीएस म्हणजे त्या आवरणाविरुद्धची प्रतिपिंडं. ती १० किंवा त्याहून जास्त असतील तर संरक्षण आहे. मग ते लशीमुळे की लागण होऊन गेल्यामुळे? हे पुढची ओळ सांगते. अँटी-एचबीसी टोटल ही प्रतिपिंडं विषाणूच्या आतल्या गाभ्याविरुद्ध असतात आणि लशीत तो गाभा नसतोच. म्हणून अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह असेल तर खऱ्या विषाणूशी कधी ना कधी गाठ पडलेली आहे. त्यातलीच आयजीएम ही जात पॉझिटिव्ह असेल तर लागण बहुधा ताजी, क्वचित जुन्या लागणीची उसळी.

एचबीई अँटिजेन पॉझिटिव्ह असेल तर विषाणूची वाढ सहसा जोरात चालू असते. तो निगेटिव्ह आला म्हणून हुरळून जाऊ नका. काही विषाणू उत्परिवर्तनाने हा अँटिजेन बनवणं सोडून देतात आणि तरीही वाढत राहतात. त्यासाठी एचबीव्ही डीएनए, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण (व्हायरल लोड), मोजतात. आणि एसजीपीटी सांगतं यकृताच्या पेशी किती फुटताहेत ते. एकट्या एसजीपीटीवर भरवसा ठेवू नये, ते वर्षभर खाली-वर होत राहतं.

डॉक्टर म्हणाले, 'तुम्ही नुसते कॅरियर आहात, काळजी नको.' खरं आहे का?

अर्धं. मला हा 'नुसते' शब्दच खटकतो. ई अँटिजेन निगेटिव्ह, व्हायरल लोड अगदी कमी, एसजीपीटी सतत नॉर्मल, अशी शांत अवस्था असते आणि कित्येक जण आयुष्यभर तिच्यातच राहतात. पण ती अवस्था एका रिपोर्टवर ठरत नाही. शिवाय शांत असलेला विषाणू पुढे कधीही उसळू शकतो. सहा महिन्यांनी किंवा निदान वर्षातून एकदा तपासणी आयुष्यभर करायची.

कॅन्सर होईलच का?

होईलच असं नाही. लहानपणी लागण होऊन ती जुनाट झालेल्यांपैकी उपचार न घेणाऱ्या साधारण २५ टक्के लोकांचा पुढे सिरोसिस किंवा यकृताच्या कर्करोगाने अकाली मृत्यू होतो. म्हणजे बहुसंख्य वाचतात, पण आकडा लहानही नाही. २०२२ मध्ये हिपॅटायटिस बीमुळे जगभरात सुमारे ११ लाख लोक गेले.

ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की या विषाणूमुळे होणारा कर्करोग सिरोसिस नसतानाही होऊ शकतो, कारण विषाणूच्या डीएनएचे तुकडे पेशीच्या स्वतःच्या डीएनएत घुसून बसतात आणि तिथली घडी विस्कटते. दारू, लठ्ठपणा, धान्याच्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष, सोबतचा एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस डी, यांनी धोका वाढतो. सिरोसिस असलेल्यांनी आणि घरात यकृताच्या कर्करोगाचा इतिहास असलेल्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नये. सोबत बहुधा एएफपी ही रक्ततपासणीही करतात. गाठ दोन सेंटिमीटरची असताना सापडली तर ती काढता येते. दुखायला लागेपर्यंत थांबलात तर बहुधा उशीर झालेला असतो.

हिपॅटायटिस डी ही काय आणखी नवी भानगड?

हा बीच्या जिवावर जगणारा अपुरा विषाणू. त्याला स्वतःचं आवरण नाही, तो बीचं वापरतो. म्हणून ज्याला बी नाही त्याला डी होत नाही. दोन्ही एकत्र आले की सिरोसिस फार लवकर गाठतो. बीची लस घेतली की डीपासूनही सुटका.

औषध आहे का? रोग मुळासकट जातो का?

औषध आहे आणि चांगलं आहे. टेनोफोविर किंवा एन्टेकाविर, रोज एक गोळी. विषाणूची नक्कल थांबते, व्हायरल लोड मोजता येणार नाही इतका खाली येतो, काही वर्षांत यकृतातले व्रणसुद्धा विरू लागतात. पूर्वीच्या लॅमिव्ह्युडिनला विषाणू लवकर दाद देईनासा व्हायचा, या दोघांच्या बाबतीत ते क्वचितच घडतं. टेनोफोविर चालू असताना मूत्रपिंडावर लक्ष ठेवतात. इंटरफेरॉनची इंजेक्शनं ठरावीक मुदतीची असतात, पण मोजक्यांनाच लागू पडतात आणि त्रासही देतात.

मुळासकट म्हणाल, तर ती केंद्रकातली बंद कडी अजून कुठलंही औषध नाहीशी करत नाही. एचबीएसएजी निगेटिव्ह होणं, याला व्यवहारात बरं होणं म्हणतात, पण ते वर्षाला शंभरात एखाद्याच्याच वाट्याला येतं.

प्रत्येक पॉझिटिव्ह माणसाला लगेच गोळी लागते असं नाही. व्हायरल लोड, एसजीपीटी, यकृताचा कडकपणा, वय, घरातला इतिहास हे सगळं पाहून ठरवतात. सिरोसिस असेल तर मात्र थांबायचं कारण नाही. आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत वाचा : चालू गोळी मनाने बंद करू नका. विषाणू उसळून येतो आणि त्यात यकृत पूर्ण निकामी होऊन माणसं गेलेली आहेत.

अमुक जण झाडपाल्याने बरे झाले म्हणतात, ते खोटं का?

ते बरे झाले हे खरं, झाडपाल्याने झाले हे खोटं. नवी लागण झालेल्या शंभरपैकी ९५ मोठी माणसं काही न घेताही बरी होतात. त्यांना त्या काळात कुणी काहीही दिलं, तरी श्रेय त्यालाच मिळणार. जुनाट लागणीत हा हिशेब लागू होत नाही आणि तिथे नाव-गाव नसलेली पावडर उलट यकृतावर घाला घालू शकते.

पथ्याचं म्हणाल, तर तेल-तिखट सोडल्याने विषाणू उपाशी मरत नाही. सोडायची ती दारू. वजन आटोक्यात ठेवा, बाकी चौरस खा.

गरोदरपणात पॉझिटिव्ह निघाले. बाळाचं काय?

इथे घाबरण्यापेक्षा घड्याळ महत्त्वाचं. काहीच केलं नाही आणि आईचा ई अँटिजेन पॉझिटिव्ह असला, तर ७० ते ९० टक्के बाळांना लागण होते. बाळाला लशीचा पहिला डोस आणि हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) जन्मानंतर शक्यतो १२ तासांत दिलं आणि पुढचे डोस वेळेवर झाले, तर हा धोका बहुतांशी टळतो. आईचा व्हायरल लोड २ लाखांच्या वर असेल तर शेवटच्या तिमाहीत टेनोफोविर देतात. बाळाचे ते १२ तास चुकू नयेत म्हणून बाळंतपणाच्या खोलीत ही इंजेक्शनं आणून ठेवली आहेत का, हे आधीच विचारा. मुलं मध्यरात्रीही जन्मतात आणि फार्मसी बंद असते. सिझेरियन केवळ यासाठी करत नाहीत. अंगावर पाजायला हरकत नाही.

बाळाची तपासणी वयाच्या ९ महिन्यांनंतर करायची. त्याआधीच्या रिपोर्टने नुसता गोंधळ होतो.

लागण झाल्यावर लस घेतली तर चालेल का?

जुनाट लागण असेल तर उपयोग नाही, अपायही नाही. पहिली लस १९८१ मध्ये आली. ती लागण झालेल्यांच्या रक्तातले तेच पोकळ गोळे शुद्ध करून बनवलेली होती. १९८६ पासून ते प्रथिन यीस्टमध्ये तयार करतात, त्यामुळे लशीतून रोग होण्याचा प्रश्नच येत नाही. विषाणूने फसवण्यासाठी सोडलेले गोळे माणसाने त्याच्यावरच उलटवले. तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात केली आणि पुढच्या पिढीतल्या मुलांमध्ये यकृताचा कर्करोग ठळकपणे कमी झाला. कर्करोग टाळणारी ही पहिली लस.

तरुणपणी झाला आणि पूर्ण बरा झालो. आता विसरून जाऊ?

रोजच्या जगण्यात विसरा, केस-पेपरवर विसरू नका. बरं झाल्यावरही काही पेशींमध्ये ती बंद कडी उरते आणि प्रतिकारशक्ती तिला दाबून ठेवते. पुढे कधी केमोथेरपी, रिटक्सिमॅबसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घ्यायची वेळ आली, तर तो दाब निघतो आणि विषाणू पुन्हा उठू शकतो. डॉक्टरला आधी सांगितलं तर संरक्षक गोळी देता येते.

लशीचा दुसरा डोस दोन वर्षांपूर्वी राहिला. पुन्हा पहिल्यापासून?

नको. शरीर पहिला डोस विसरलेलं नसतं. राहिलेला दुसरा आता घ्या आणि तिसरा त्यानंतर किमान आठ आठवड्यांनी. घरात कुणी पॉझिटिव्ह असेल किंवा रुग्णालयात काम करत असाल, तर शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस तपासून आकडा लिहून ठेवा.